केस इंटरव्ह्यूची तयारी: आधी अंदाज मांडा, मग चार्टकडे बघा

कन्सल्टिंगमध्ये जायचं म्हटलं की कॅम्पसवर तीन नावं सगळ्यात आधी निघतात: मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन. मोठमोठ्या कंपन्यांना आणि सरकारांना सल्ला देणं हा यांचा धंदा. यांच्या इंटरव्ह्यूत थोडी ओळखपाळख झाली की एक वेगळाच प्रकार सुरू होतो. समोरची व्यक्ती एखाद्या कंपनीची अडचण सांगते, "नफा घसरलाय, का ते शोधा", आणि गप्प बसते. पुढची पंचवीस-तीस मिनिटं तुम्ही प्रश्न विचारायचे, गणितं करायची, मधेच पुढे सरकवलेला चार्ट वाचायचा आणि शेवटी कंपनीनं काय करावं ते सांगायचं. यालाच केस इंटरव्ह्यू म्हणतात.

आता हा प्रकार फक्त या तीन कंपन्यांपुरता राहिलेला नाही. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी यांच्या सल्लागार विभागांत केस विचारतात. स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट किंवा स्ट्रॅटेजीच्या जागेसाठी अर्ज केलात, तरी "आमच्या अ‍ॅपचे ऑर्डर्स अचानक कमी झालेत, कुठून सुरुवात कराल?" असा प्रश्न येतोच. म्हणजे एमबीए करत नसलात तरी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

केस घेण्याच्या साधारण दोन पद्धती आहेत. मॅकिन्झीत इंटरव्ह्यू घेणारा गाडी चालवतो. तो एकामागून एक ठरलेले प्रश्न विचारतो. बीसीजी आणि बेनमध्ये बहुतेक वेळा स्टिअरिंग तुमच्या हातात असतं, पुढे कुठे वळायचं ते तुम्ही ठरवायचं. त्याआधी ऑनलाइन चाळणीही असू शकते, जसं की मॅकिन्झीचा गेमसारखा "सॉल्व्ह" टप्पा. पण पद्धत कुठलीही असो, तपासलं जातं ते एकच: अर्धवट माहितीवर तुम्ही विचार कसा करता.

फ्रेमवर्क पाठ करून का भागत नाही?

तयारी सुरू केली की पहिल्या आठवड्यात सगळे जण फ्रेमवर्क पाठ करतात. नफा म्हणजे विक्री वजा खर्च. विक्री म्हणजे किंमत गुणिले संख्या. नवीन बाजारात जायचं तर ग्राहक, स्पर्धक, कंपनी वगैरे. हे चुकीचं नाही. प्रश्नाचे कप्पे पाडता आलेच पाहिजेत, आणि ते असे की एक गोष्ट दोन कप्प्यांत येऊ नये आणि कुठलीही गोष्ट सगळ्या कप्प्यांबाहेर राहू नये. या नियमाला कन्सल्टिंगमध्ये "मीसी" म्हणतात. १९६०च्या दशकात मॅकिन्झीत काम करणाऱ्या बार्बरा मिंटो यांच्यामुळे तो सगळीकडे गेला.

अडचण अशी की कप्पे पाडून झाले की बरेच जण प्रत्येक कप्पा उघडून बघायला लागतात. विक्रीचे आकडे द्या. खर्चाचे आकडे द्या. स्पर्धकांची माहिती द्या. ग्राहकांची माहिती द्या. समोरच्याला वाटतं, हा मुलगा किंवा ही मुलगी घरातली हरवलेली किल्ली शोधताना आधी सगळी कपाटं रिकामी करणार! किल्ली सापडेलही, पण रात्र होईल. खऱ्या प्रोजेक्टमध्ये तेवढा वेळ नसतो, आणि प्रत्येक आठवड्याचे पैसे ग्राहक कंपनी मोजत असते.

म्हणून दुसरी पद्धत. किल्ली शेवटची कुठे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते आधी बोलायचं आणि तिथेच पहिल्यांदा बघायचं. नाही सापडली तर पुढची जागा. इंग्रजीत याला हायपोथेसिस-ड्रिव्हन विचार म्हणतात. पुस्तकी मराठीत हायपोथेसिस म्हणजे गृहीतक. आपण सरळ "अंदाज" म्हणू.

पण अंदाज म्हणजे तुक्का नव्हे. "मला वाटतं मार्केटिंग कमी पडतंय" हा तुक्का. "ग्राहक कमी झाल्यामुळे विक्री घटली असावी, तसं असेल तर दोन वर्षांच्या विक्रीत घट दिसेल, ते आकडे मिळतील का?" हा अंदाज. फरक इतकाच की दुसऱ्या वाक्यात तो खोटा कसा ठरेल तेही सांगितलंय. एखादा आकडा बघून तुम्ही तुमचं मत सोडायला तयार नसाल, तर तो आकडा मागण्यात अर्थ नाही.

चला, एक केस सोडवू

खरा इंटरव्ह्यू इंग्रजीत होतो, आपण मराठीत करू. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत. कागद-पेन घ्या.

इंटरव्ह्यू घेणारी सांगते: "मोबाईल दुरुस्तीच्या ४० दुकानांची एक साखळी आहे. मागच्या आर्थिक वर्षात नफा १० कोटी होता, यंदा ६ कोटी. काय झालं असेल?"

आधी एक-दोन साधे प्रश्न विचारून घ्या. दुकानांची संख्या तेवढीच आहे का? (हो, ४०च.) कामांचे प्रकार कोणते? (स्क्रीन बदलणं, बॅटरी बदलणं, आणि चार्जिंगचं पोर्ट, माइक, स्पीकर, सॉफ्टवेअर अशी छोटी कामं.) मग अर्धा मिनिट मागून घ्या आणि कप्पे काढा: विक्री एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. आता पहिला अंदाज बोला: "गल्लोगल्ली दुरुस्तीवाले झालेत, त्यामुळे ग्राहक कमी होऊन विक्री घटली असावी. दोन्ही वर्षांची विक्री मिळेल का?"

उत्तर येतं: विक्री ५० कोटींवरून ५२ कोटी झाली.

गेला अंदाज! इथे काही जणांचा चेहरा पडतो. पडू देऊ नका. एका प्रश्नात अर्धं चित्र बाजूला झालं, ही तर कमाई आहे. विक्री २ कोटींनी वाढली आणि तरी नफा ४ कोटींनी घटला, म्हणजे खर्च ६ कोटींनी वाढला. हे गणित तोंडाने बोला: मागच्या वर्षी खर्च ४०, यंदा ४६.

दुसरा अंदाज: "सुटे भाग महागले असावेत. खर्चाचे दोन भाग करून मिळतील का, भाडं-पगार वेगळे आणि सुटे भाग वेगळे?" आकडे मिळतात. भाडं-पगार १५ वरून १६ कोटी, सुटे भाग २५ वरून ३० कोटी. वाढलेल्या ६ कोटींपैकी ५ सुट्या भागांत आहेत. विक्री ४ टक्के वाढली आणि सुट्या भागांचा खर्च २० टक्के. अंदाज बरोबर दिसतोय ना?

थांबा. अजून "महागले" हे सिद्ध झालेलं नाही. एकूण खर्च वाढलाय एवढंच कळलंय. दर वाढले असतील तर प्रत्येक कामामागचा खर्च वाढलेला दिसला पाहिजे. तो मागा. समोरून तक्ता येतो:

स्क्रीन: बिल ४,००० रुपये, सुटे भाग २,८०० रुपये.
बॅटरी: बिल २,००० रुपये, सुटे भाग १,००० रुपये.
छोटी कामं: बिल ५०० रुपये, सुटे भाग १०० रुपये.
खाली बारीक अक्षरात टीप: दोन्ही वर्षी हेच दर.

दुसराही अंदाज गेला, आणि तो त्या बारीक टीपेनं मारला. ती न वाचता कुणी "पुरवठादाराशी भाव करा" असा सल्ला दिला असता, तर केस तिथेच संपली असती. खऱ्या कंपनीत सहा महिने नुसत्या वाटाघाटीत गेले असते.

मग दर तेच, तरी खर्च वाढला कसा? गणितानं आता एकच वाट उरते. प्रत्येक कामाचा खर्च तोच असेल आणि एकूण खर्च विक्रीपेक्षा वेगानं वाढला असेल, तर कामांचं मिश्रण बदललंय. स्क्रीनमध्ये १०० रुपयांच्या बिलामागे सुट्या भागांचा खर्च जाऊन ३० रुपये उरतात, बॅटरीत ५०, छोट्या कामात ८०. तिसरा अंदाज: "जास्त उरणारी कामं कमी झाली आणि कमी उरणारी वाढली. विक्री प्रकारानुसार दाखवाल का?"

चार्ट समोर यायच्या आधी मनात त्याचं चित्र काढा. अंदाज खरा असेल तर छोट्या कामांचा पट्टा बारीक झालेला दिसेल आणि स्क्रीनचा जाड. खोटा असेल तर दोन्ही वर्षांचे खांब सारखेच दिसतील. हे आधी ठरवलं की चार्ट वाचायला दहा सेकंद पुरतात. नाहीतर आपण रंग बघत बसतो.

चार्ट येतो. मागच्या वर्षी स्क्रीन २४ कोटी, बॅटरी १० कोटी, छोटी कामं १६ कोटी. यंदा स्क्रीन ३२, बॅटरी १२, छोटी कामं ८.

छोटी कामं निम्मी! तपासून बघा. मागच्या वर्षी उरलेले पैसे: २४ चे ३० टक्के म्हणजे ७.२, १० चे निम्मे ५, १६ चे ८० टक्के १२.८. बेरीज २५ कोटी. यंदा ९.६ अधिक ६ अधिक ६.४, म्हणजे २२ कोटी. इथे ३ कोटी गेले आणि भाडं-पगारात १ कोटी. नफ्यातली ४ कोटींची घट पूर्ण जुळली. केसमध्ये असं शेवटच्या रुपयापर्यंत जुळवून दाखवलं की समोरची व्यक्ती मान हलवते, कारण बरेच जण "साधारण कारण कळलं" इथेच थांबतात.

आता एक गंमत. विक्रीला बिलाच्या रकमेनं भागा. स्क्रीनची कामं ६० हजारांवरून ८० हजार झाली, बॅटरीची ५० हजारांवरून ६० हजार, आणि छोटी कामं ३ लाख २० हजारांवरून १ लाख ६० हजार. एकूण कामं ४ लाख ३० हजारांवरून ३ लाख. म्हणजे दुकानात येणारी कामं तब्बल ३० टक्क्यांनी कमी झालीत! आपला पहिला अंदाज आठवा: "ग्राहक कमी होऊन विक्री घटली". त्यातला "विक्री घटली" हा भाग मेला होता. "ग्राहक कमी झाले" हा भाग जिवंतच होता, मोठ्या बिलांच्या आड लपलेला. म्हणून एखादा अंदाज खोडताना त्यातला नक्की कुठला तुकडा खोडला गेला, ते कागदावर लिहा. अख्खं वाक्य खोडू नका.

एकूण आकडा फसवतो, त्याचा खरा किस्सा

मिश्रणामुळे एकूण आकडा भलतंच सांगतो, हे फक्त केसच्या पुस्तकात होत नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. एवढंच बघितलं तर भेदभाव उघड दिसतो. पण संशोधकांनी विभागवार आकडे काढले तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध काही सापडलं नाही. एकत्रित हिशोबात तर किंचित कल स्त्रियांच्याच बाजूनं निघाला. झालं असं होतं की जिथे प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड, अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. १९७५ साली "सायन्स" या नियतकालिकात हा अभ्यास आला आणि आजही संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. (स्त्रिया त्याच विभागांकडे का वळत होत्या, हा प्रश्न त्यानं मिटत नाही, तो वेगळाच आहे.)

इंटरव्ह्यूत सरासरी किंवा एकूण टक्केवारी दिसली की "हे कशाचं मिश्रण आहे?" असं विचारायची सवय लावून घ्या.

घसरगुंडी की पायरी?

परत दुकानांकडे. "काय झालं" ते कळलं. "का झालं" ते राहिलं. छोटी कामं निम्मी का झाली? दोन अंदाज सुचतात. एक, बाहेरचं कारण: कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले ही कामं स्वस्तात करतात. दोन, आतलं कारण: कंपनीनंच काहीतरी बदललं. दोन्ही पटण्यासारखे आहेत, मग निवडायचं कसं?

दोन्ही अंदाजांचं चित्र वेगळं निघतं. स्पर्धक हळूहळू वाढतात, एका शहरात आधी, दुसऱ्यात नंतर. त्यामुळे महिन्याचा आलेख घसरगुंडीसारखा उतरेल आणि शहरागणिक वेगळा दिसेल. कंपनीचा निर्णय एका तारखेला सगळीकडे लागू होतो. मग आलेखात पायरी दिसेल, सगळ्या दुकानांत एकाच महिन्यात. म्हणून मागायचा तो महिनावार आणि शहरवार चार्ट.

तो येतो. मार्चपर्यंत छोटी कामं महिन्याला २७ हजारांच्या आसपास. एप्रिलपासून १३ हजारांच्या आसपास, आणि वर्षभर तिथेच. सगळ्या शहरांत सारखंच. ही पायरी आहे. तुम्ही विचारता: "एक एप्रिलला कंपनीत काय बदललं?" समोरून हसून उत्तर येतं: "चांगला प्रश्न. कर्मचाऱ्यांना बिलाच्या रकमेवर कमिशन सुरू केलं."

आता सगळं उलगडतं. ४,००० च्या बिलावर मिळणारं कमिशन ५०० च्या बिलाच्या आठपट. मग माइक खराब झालेला फोन घेऊन आलेल्याला "उद्या या" असं उत्तर मिळणार. दोष त्या कर्मचाऱ्याचा नाही. नियमच त्याला तसं वागायला सांगतोय. तरीसुद्धा हा अजून अंदाजच आहे. खात्रीसाठी दोन-चार दुकानांत जाऊन किती ग्राहक परत पाठवले जातात ते मोजायला हवं, हे बोलून दाखवा.

सल्ला देताना फायद्या-तोट्याची दोन्ही बाजूंनी बेरीज करा. या नियमामुळे स्क्रीनची २० हजार कामं वाढली असं धरलं, तर प्रत्येकी १,२०० रुपये म्हणजे २.४ कोटी. बॅटरीची १० हजार, प्रत्येकी १,००० रुपये म्हणजे १ कोटी. मिळाले ३.४ कोटी. गेलेली छोटी कामं १ लाख ६० हजार, प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे ६.४ कोटी. कमिशन सरळ बंद करा म्हणालात तर ते ३.४ कोटीही हातचे जाऊ शकतात. त्यापेक्षा कमिशन बिलावर न देता सुट्या भागांचा खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेवर द्या. तफावत आठपटीवरून तिप्पट होते, आणि छोटं काम वीस मिनिटांत उरकत असेल तर ते करायला कुणी नाही म्हणणार नाही. गेलेल्या छोट्या कामांपैकी निम्मी परत आली, तरी ८० हजार गुणिले ४०० म्हणजे ३.२ कोटी. बाकी सगळं तेच राहिलं तर नफा ६ वरून ९.२ कोटी.

शेवटी उत्तर देताना आधी निष्कर्ष, मग कारणं. "कमिशनचा आधार बदला, त्यातून साधारण ३ कोटी परत येऊ शकतात. कारणं अशी..." गोष्ट पहिल्यापासून सांगू नका. मालकाला लिफ्टमध्ये उत्तर द्यायचंय असं समजा.

आणि याच केसमध्ये कुणी "नफा घटतोय, तोट्यातली दुकानं बंद करा" असं म्हटलं असतं तर? कागदावर ते ठीक वाटतं. प्रत्यक्षात बरी चाललेली दुकानं बंद झाली असती, लोकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, आणि तो कमिशनचा नियम उरलेल्या दुकानांत तसाच चालू राहिला असता.

चार्ट समोर आला की डोळे कुठे न्यायचे

आधी शीर्षक, मग एकक, मग अक्ष, मग तळाची टीप. खांब सगळ्यात शेवटी. उलट क्रमानं बघितलं की गडबड होते. एककाचं विशेष सांभाळा, कारण परदेशी ऑफिसच्या केसमध्ये आकडे मिलियन-बिलियनमध्ये असतात आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन, १ लाख कोटी म्हणजे १ ट्रिलियन. हे पाठच करा, याला पर्याय नाही.

उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. ९० पासून सुरू होणाऱ्या अक्षावर ९२ आणि ९६ मधला फरक तिप्पट दिसतो. खांबांची उंची सारखी असेल तर तो १०० टक्क्यांचा चार्ट आहे. त्यात एखादा पट्टा बारीक झाला म्हणजे तो प्रकार घटलाच असं नाही, बाकीचे जास्त वाढले असतील. आणि टक्के व पर्सेंटेज पॉइंट यात गल्लत नको. आपल्या दुकानात उरणारा वाटा ५० टक्क्यांवरून सुमारे ४२ टक्क्यांवर आला. ही घट ८ पॉइंटची आहे, ८ टक्क्यांची नाही. टक्क्यांत ती १५ च्या आसपास जाते.

मग बोलायचं काय? "स्क्रीन २४ वरून ३२ झाली, बॅटरी १० वरून १२ झाली" असं वाचून दाखवू नका, समोरच्याला वाचता येतं. एक मोठी गोष्ट सांगा, ती तुमच्या अंदाजाला धरून आहे की विरुद्ध ते सांगा, आणि पुढचा आकडा मागा. तीन वाक्यं पुरतात.

सराव मोबाईलवरच करा

केसबुक लागतातच. आयआयएम, आयएसबी आणि बाहेरच्या बिझनेस स्कूलच्या कन्सल्टिंग क्लबांची पीडीएफ शोधली की मिळतात. पण चार्ट वाचायची सवय केसबुकातून लागत नाही, ती रोजच्या आकड्यांतून लागते.

यूपीआयचंच घ्या. एनपीसीआय दर महिन्याला व्यवहारांची संख्या आणि रक्कम आपल्या साइटवर टाकते. ऑगस्ट २०२३ मध्ये साधारण १,०५८ कोटी व्यवहार झाले, रक्कम १५.७६ लाख कोटी रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले, रक्कम २४.८५ लाख कोटी. बातमीत "विक्रम" एवढंच येतं. तुम्ही भागाकार करा. सरासरी व्यवहार सुमारे १,४९० रुपयांवरून १,२४० रुपयांवर आला. संख्या ८९ टक्के वाढली, रक्कम ५८ टक्केच.

आता अंदाज मांडा. चहा, भाजी, रिक्षा असे छोटे खर्च रोखीतून यूपीआयवर आले असावेत. खरं असेल तर कुठला चार्ट कसा दिसेल? दुकानदाराला केलेल्या व्यवहारांचा वाटा वाढलेला दिसेल, आणि त्यातही ५०० रुपयांपर्यंतचे व्यवहार जास्त वाढलेले दिसतील. एनपीसीआय ही विभागणीसुद्धा देते, माणसाकडून माणसाला आणि माणसाकडून दुकानदाराला, रकमेच्या गटांसह. आज रात्री बघा. हा अंदाज मुद्दाम तपासून न देता सोडलाय.

चार्ट वाचताना मोबाईलचा व्हॉइस रेकॉर्डर सुरू ठेवा आणि मोठ्यानं बोला. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचीच लाज वाटेल, "म्हणजे... ते... असं" हेच जास्त ऐकू येईल. दोन आठवड्यांत कमी होतं. मराठी माध्यमातून आलेल्यांची गाडी बहुतेक वेळा विचारात अडत नाही, इंग्रजीत आकडे बोलताना अडते. म्हणून गणित तरी इंग्रजीत मोठ्यानं करायची सवय ठेवा. बाकी सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे आपल्या जिभेवर आहेतच. ०.७५ ने गुणायचं म्हटलं की "पाऊणपट" असं ज्याला आपोआप सुचतं, त्याचं अर्धं गणित झालेलं असतं.

जोडीदार मिळत नसेल तर एआय चॅटबॉटला इंटरव्ह्यू घ्यायला बसवता येतं. फक्त त्याला बजावून सांगा: "मी विचारल्याशिवाय एकही आकडा देऊ नकोस, इशारा देऊ नकोस, आणि मी का विचारतोय हे सांगितलं नाही तर आकडा नाकार." नाहीतर तो पहिल्याच उत्तरात सगळं ओतून मोकळा होतो. त्याची गणितं कागदावर तपासा, कारण केस लांबली की त्याचे आकडे आपसात जुळेनासे होऊ शकतात. आणि त्याच्या "खूप छान!" वर जाऊ नका, तो बऱ्याचदा कशालाही छान म्हणतो. आठवड्यातून एकदा तरी खऱ्या माणसासमोर बसा, जो तुमचा अंदाज पडल्यावर गप्प राहील आणि तुम्ही पुढे काय करता ते बघेल.

कॅल्क्युलेटरचं अ‍ॅप मात्र आजपासून बंद. इंटरव्ह्यूत ते वापरायला मिळत नाही.